हर्ष देणाऱ्या आकड्यांचे कापरेकर मास्तर

मैत्रिणींनो, सांगलीचा पिनकोड ४१६४१६. माहेरी राखी पाठवताना कितीजणींनी तो पाकिटावर लिहिला असेल! आता त्यातल्या सहा आकड्यांची बेरीज करा. ती होते २२. या २२ ने त्या अख्ख्या संख्येला भागा. उत्तर १८९२८, बाकी शून्य! अशा संख्येला म्हणतात हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. हे गोड नाव ठेवलं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी.

त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. त्यातूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ देवळालीला मास्तरकी धरली, ती १९६२ पर्यंत. पुढची पदवी नाही, हाताशी यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच भांडवल.

सातारकरणींनो, तुमचा ४१५००१ हर्षद नाही, पण रुसू नका! ४१४९७३ ही संख्या घ्या, तिच्या आकड्यांची बेरीज २८ तिच्यातच मिळवा. आला की नाही सातारा? म्हणजे ही साताऱ्याची जन्मदात्री. पण २०, ३१, ४२ अशा काही संख्यांना कुणी जन्मदात्रीच नसते. कापरेकर त्यांना स्वयंभू म्हणत.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ चा. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. मास्तरांच्या निवृत्तीचं साल १९६२ घेऊ. ९६२१ वजा १२६९, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतात! कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. पण इथल्या बऱ्याच विद्वानांना तो पोरखेळ वाटला. मास्तर मात्र खचले नाहीत, स्वतःच पुस्तिका छापत राहिले.

१९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी तिथल्या नामांकित विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. तोवर वय झालं होतं सत्तर. १९८६ मध्ये देवळालीलाच ते गेले. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

मान्यता उशिरा आली, पण आनंद मास्तरांनी रोजच्या रोज घेतला. तुमच्या लेकीला वहीच्या मागच्या पानावर आकड्यांशी खेळताना पाहिलंत, तर परीक्षेत हे येणार आहे का, असं लगेच विचारू नका. एक पेन्सिल घेऊन शेजारी बसा.