जॉन वेस्ली

इंग्लंडमधील एपवर्थ या गावी १७०३ साली जॉन वेस्लीचा जन्म झाला. त्याचे वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. जॉन पाच वर्षांचा असताना एका रात्री घराला आग लागली. सर्व मंडळी बाहेर पडली. जॉन मात्र माडीवरच राहिला. तेव्हा एका माणसाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहून त्याला खिडकीतून बाहेर काढले.

मोठेपणी जॉन ऑक्सफर्डच्या विद्यापीठात शिकला व तेथेच अध्यापक झाला. तेथे त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स व काही मित्र मिळून बायबलचे वाचन करीत, तुरुंगातील कैद्यांना भेटत आणि गरिबांना साहाय्य करीत. त्यांचा दिनक्रम इतका नियमबद्ध असे, की लोक त्यांना थट्टेने 'मेथडिस्ट' म्हणू लागले. पुढे जॉर्ज व्हिटफील्ड हा तरुण या मंडळात आला. तो खाणावळवाल्याचा मुलगा. श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून तो शिकत होता. वेस्लीपेक्षा तो अकरा वर्षांनी लहान होता, तरी दोघांचा स्नेह जडला.

१७३९ साली व्हिटफील्ड ब्रिस्टलजवळच्या कोळशाच्या खाणीतील मजुरांना उघड्या मैदानात उपदेश करू लागला. त्याने वेस्लीलाही बोलावले. चर्चबाहेर उपदेश करणे वेस्लीला प्रथम प्रशस्त वाटेना. पण मित्राचे कार्य पाहून त्याचा संकोच मावळला.

त्याच वर्षी दोघांत मोठा मतभेद उत्पन्न झाला. कोणाचा उद्धार व्हावा हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे व्हिटफील्ड मानी. ईश्वराची कृपा सर्वांना खुली आहे, असे वेस्लीचे मत होते. आपले मत त्याने प्रवचनातून मांडले व छापूनही प्रसिद्ध केले.

१७४१ च्या फेब्रुवारीत, व्हिटफील्डने वेस्लीला लिहिलेले एक खासगी पत्र कोणीतरी दोघांच्याही संमतीवाचून छापले व वेस्लीच्या लंडनमधील सभागृहात वाटले. वेस्लीने सर्वांसमक्ष आपली प्रत फाडून टाकली. व्हिटफील्ड येथे असता तर त्यानेही हेच केले असते, अशी त्याची खात्री होती. श्रोत्यांनीही आपापल्या प्रती फाडल्या.

तरीही वाद शमला नाही. व्हिटफील्डने आपले उत्तर छापले, अनुयायांत फूट पडली आणि दोघे मित्र दुरावले. परंतु हा दुरावा फार काळ टिकला नाही. मते न बदलताही त्यांनी पुन्हा सलोखा केला.

३० सप्टेंबर १७७० रोजी व्हिटफील्ड अमेरिकेत वारला. आपल्या मागे लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीने करावे, अशी त्याची इच्छा होती. १८ नोव्हेंबरला वेस्ली व्हिटफील्डच्याच प्रार्थनामंदिरात उभा राहिला. तेथे जमलेल्यांपैकी पुष्कळांना वेस्लीची मते मान्य नव्हती. त्याने जुना वाद उकरून काढला नाही. मित्राचे अपार श्रम, अनाथ मुलांविषयीची कळकळ व मैत्रीतील निष्ठा यांचे त्याने वर्णन केले. गौण गोष्टींत मतभेद असले, तरी मुख्य सत्ये एकदिलाने धरून ठेवावीत, असे त्याने श्रोत्यांना विनविले.

अनुयायांतील वाद त्यानंतरही चालूच राहिले. वेस्लीनेही १७९१ साली मरण येईपर्यंत आपले मत सोडले नाही. परंतु मतासाठी त्याने मित्रही सोडला नाही.