अर्धी यादी टाकणारे मॉकली

‘एनिअ‍ॅक’ संगणकाचे सहनिर्माते, भौतिकशास्त्रज्ञ जॉन मॉकली (१९०७-१९८०) यांनी १९४६मध्ये फिलाडेल्फियातील व्याख्यानात ‘बायनरी सर्च’ मांडला. क्रमवार यादीची मधली नोंद पाहायची, नको तो अर्धा भाग टाकायचा, उरलेल्यात पुन्हा तेच. दहा लाख नोंदींना वीस पावले पुरतात! तरी कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारी कृती छापून यायला दहाहून अधिक वर्षे गेली. आज ‘सी’ भाषेतही नेहमीची चूक तीच: तपासलेली मधली नोंद वगळायची राहते. मग दोनच नोंदी उरल्यावर भाग घटत नाही आणि फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते, मेमरी संपेपर्यंत. मेमरी वाढवणे हा उपचार नव्हे. मॉकलींना रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार होता. नाकातून रक्तस्राव, त्यातून अ‍ॅनिमिया. अशा रुग्णालाही नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, रक्त कुठून जाते ते शोधावे लागते.