रंगीत स्क्रीन टाकली नाही म्हणूनच गेम बॉय जगभर खपला, त्यामागे डोकं होतं या माणसाचं

साल १९६५. जपानच्या क्योटो शहरात पत्ते बनवणारी एक जुनी कंपनी होती. फुलापानांची चित्रं असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते ही तिची ओळख. कंपनीचं नाव निन्टेन्डो. त्या वर्षी दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेला एक पोरगा तिथं कामाला लागला. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिनी बंद पडू द्यायच्या नाहीत.

मशिनी काही रोज बिघडायच्या नाहीत. मग हा गडी रिकाम्या वेळेत काहीबाही खेळणी करत बसायचा. एकदा त्याने पट्ट्या फुलीफुलीने जोडून लांब होणारा हात बनवला. मूठ दाबली की हात पुढं जायचा आणि समोरची वस्तू पकडायचा. नेमके त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरफटका मारत होते. त्यांनी हे बघितलं आणि पोराला केबिनमध्ये बोलावलं.

आता ओरडा बसणार, असंच त्याला वाटलं. पण यामाउचींनी फर्मान काढलं की हेच खेळणं बाजारात आणायचं. १९६६ मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ नावाने आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं.

या पोराचं नाव होतं गुनपेई योकोई.

१० सप्टेंबर १९४१ ला क्योटोमध्ये जन्मलेले योकोई मशीन दुरुस्तीतून थेट खेळणी विभागात गेले. घरात बॉल फेकणारं मशीन, दोघांनी हात धरला की प्रेम मोजणारा ‘लव्ह टेस्टर’, सोलर सेलवर नेम धरायची बंदूक अशी एकेक खेळणी त्यांनी काढली. या सगळ्यात एक गोष्ट समान होती. नवीन, महागडं तंत्र शोधायच्या भानगडीत ते पडायचे नाहीत. जे तंत्र जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ झालेत, तेच घ्यायचं आणि कुणी विचार केला नसेल अशा जागी वापरायचं. लोणच्यासारखं मुरलेलं तंत्र, पण ताट नवीन.

या विचाराचा पहिला मोठा धमाका झाला तो एका रेल्वे प्रवासामुळे. बुलेट ट्रेनमध्ये एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला योकोईंनी बघितला. मोठ्या माणसालाही वेळ घालवायला, चारचौघांत लाज न वाटता लपवता येईल असं काहीतरी हवंय, हे त्यांनी ओळखलं.

त्या काळात जपानमध्ये कॅल्क्युलेटर कंपन्यांची किमतीवरून मारामारी सुरू होती. त्यामुळे छोट्या एलसीडी स्क्रीन आणि चिप स्वस्तात मिळत होत्या. शार्प कंपनीला सोबत घेऊन योकोईंनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आणला. खिशात मावणारं मशीन, त्यात एकच गेम आणि सोबत घड्याळ. पुढच्या काही वर्षांत या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ मध्ये यावर ‘डाँकी काँग’ आणायचं ठरलं तेव्हा नवी अडचण आली. मोठ्या मशीनवर हा गेम उभ्या दांड्याने खेळायचे. खिशातल्या घडीच्या मशीनवर दांडा बसणार कसा? योकोईंनी दांडाच काढला आणि अधिक चिन्हाच्या आकाराचं चपटं बटण बसवलं. आपल्याकडे ज्यांनी सुट्टीत टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळलाय, त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली जे बटण होतं ते हेच. जागा वाचवायला केलेला जुगाड पुढं जगभरच्या रिमोटवर गेला.

मग आला १९८९ चा गेम बॉय.

या मशीनमध्ये काय ठेवायचं यावरून योकोईंच्या टीममध्येच मतभेद होते. योकोईंना गेम अँड वॉचसारखं साधं, स्वस्त खेळणं हवं होतं. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांना कॅसेट बदलून वर्षानुवर्षं गेम खेळता येतील असं दणकट मशीन हवं होतं. शेवटी योकोईंनी माघार घेतली आणि कॅसेटवाला गेम बॉय ठरला. म्हणजे सगळंच गाळायचं नव्हतं. लोकांना पुन्हा पुन्हा मशीनकडे आणणारी गोष्ट ठेवायची होती.

पण स्क्रीनवर मात्र योकोई अडून बसले. रंगीत स्क्रीन तेव्हा बनवता येत होती. पण रंग आला की मागे लाइट आला, लाइट आला की सेल संपले, आणि किंमतही वाढली. म्हणून गेम बॉयला फिकट हिरवट स्क्रीन मिळाली. चार छटा, मागे लाइट नाही, १६० बाय १४४ ठिपके. चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तासांच्या आसपास चालायचा. जपानमध्ये किंमत होती १२,५०० येन, अमेरिकेत साधारण ९० डॉलर.

त्याच वर्षी अटारीने ‘लिंक्स’ आणला. रंगीत स्क्रीन, मागे लाइट, ताकदही जास्त. किंमत गेम बॉयच्या दुप्पट, आणि सहा सेल चार-पाच तासांत झोपायचे. १९९० मध्ये सेगाचा ‘गेम गिअर’ आला. तोही रंगीत, त्यालाही सहा सेल. दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉय गरीब दिसायचा. पण सकाळी सेल टाकलेला गेम गिअर दुपारच्या जेवणापर्यंत बंद पडायचा आणि पोराचा बाप पुन्हा सेल आणायला जायचा. गेम बॉय मात्र दप्तरात पडून राहिला तरी चालायचा.

त्यात अमेरिकेत त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ दिला गेला. पडणारे ठोकळे रचायचे, त्याला रंगांची गरजच नव्हती. शाळकरी पोरांपासून ऑफिसला जाणाऱ्यांपर्यंत सगळे चिकटले. दोन मशीन जोडायची वायरही होती. १९९६ मध्ये त्याच वायरीवरून पोरं पोकेमॉनची अदलाबदल करू लागली आणि सात वर्षं जुन्या मशीनने पुन्हा उचल खाल्ली. गेम बॉय आणि नंतरचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांवर नग विकले गेले.

मग असा माणूस कधी चुकला की नाही? चुकला, आणि जोरात चुकला.

१९९५ मध्ये त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. डोळे लावून आत बघायचं, थ्रीडी दिसायचं. पण रंगीत एलईडी महाग म्हणून सगळं लाल आणि काळं. नाव ‘बॉय’ असलं तरी ते खिशात जात नव्हतं आणि डोक्यावरही बसत नव्हतं. टेबलावर स्टँड लावून मान वाकवून खेळावं लागायचं. खेळणाऱ्यांचे डोळे आणि मान दुखायची. शेजारी बसलेल्याला तर काहीच दिसायचं नाही. जेमतेम पावणेआठ लाख नग गेले आणि वर्षभरात गाशा गुंडाळावा लागला. ज्या माणसाने आधी वापरणाऱ्याकडे बघितलं आणि मग मशीन बनवलं, त्याने या वेळी आधी तंत्र धरलं होतं.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयमुळेच त्यांना जावं लागलं असं लोक बोलतात. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं, असंही सांगितलं जातं. जाण्याआधी त्यांनी कामगिरी मात्र पूर्ण केली. गेम बॉयची लहान आवृत्ती, ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आली होती.

बाहेर पडून त्यांनी क्योटोमध्येच ‘कोतो’ नावाची कंपनी काढली आणि बंदाईसोबत नवीन मशीनवर काम सुरू केलं. पण ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागात हायवेवर त्यांच्या गाडीचा छोटा अपघात झाला. काय झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय होतं ५६.

आज हातात धरून खेळायचे कॉम्प्युटर पुन्हा जोरात आहेत. २०२२ चा स्टीम डेक साधारण ६७० ग्रॅमचा आहे आणि गेमनुसार दोन ते आठ तास चालतो. कंपन्यांसमोरचा पेच तोच आहे. ताकद वाढवली की वजन, गरमी आणि किंमत वाढते. कमी केली की हौशी लोक नाक मुरडतात.

योकोईंचं शेवटचं मशीन ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये त्यांच्या पश्चात आलं. त्यातल्या एका गेमला त्यांच्याच नावावरून ‘गुनपेई’ म्हटलं गेलं. किंमत ४,८०० येन. स्क्रीन रंगीत नव्हती. आणि चालायला लागायचा फक्त एक पेन्सिल सेल.