दादर मेन रोडचा जादूगार

हिंदमाताला ड्रेस मटेरियल घ्यायला आपण सगळेच जातो, पावसाळ्यात तिथल्या पाण्यातही अडकतो. पण तिथून हाकेच्या अंतरावरच्या दादर मेन रोडवर भारताचा पहिला कथापट तयार झाला, हे किती जणांना ठाऊक असतं? आज त्याच रस्त्याला दादासाहेब फाळके रोड म्हणतात.

मला मात्र ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा त्याच्या आधीचं एक वाटाण्याचं रोप जास्त आवडतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. मध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, ब्लॉकमेकिंग आणि चक्क जादूचे प्रयोगसुद्धा! (असा बायोडाटा कुठल्या कॅम्पस इंटरव्ह्यूला चालेल?) १९११ मध्ये त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि वेडच लागलं. सिनेमे पाहून आणि जागून डोळे इतके बिघडले, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तर गृहस्थ १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला! येताना विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले.

पण सिनेमाला पैसे देणार कोण? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून जास्त दिवस एकेक फ्रेम घेतली. सेकंदाला १६ फ्रेम्स धरल्या तर एका मिनिटाला ९६० लागतात. करा हिशोब! पडद्यावर मात्र अंकूर मिनिटभरात वर आला. तो पाहून एका सावकाराने पैसे दिले, तेही तारण घेऊनच. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. अंधारात फिल्मला भोकं पाडायचं कामही त्याच करत. माझ्या मते भारताच्या पहिल्या फिल्म टेक्निशियन त्याच.

१९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये दादासाहेबांनी काड्या नाचवल्या. काडी जराशी सरकवायची, फ्रेम घ्यायची, परत सरकवायची. आज ब्लेंडर किंवा मायामध्ये आपण पहिली आणि शेवटची पोझिशन देतो, मधल्या फ्रेम्स कॉम्प्युटर गणित करून भरतो. तेव्हा ते ‘मधलं’ सगळं हातानेच! देव प्रकट करायचा तर कॅमेरा थांबवायचा, नटाला उभं करायचं, परत हँडल फिरवायचं. चुकलं तर अन्‌डू नाही, फिल्म वाया.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले होते साळुंके, हॉटेलात काम करणारे! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच.

आणि मग टेक्नॉलॉजीच त्यांना सोडून पुढे गेली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूक काढलेला, त्याला नंतर आवाज चिकटवावा लागला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले, तेव्हा सिनेमावाले त्यांना जवळजवळ विसरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं.