चिंतामणराव देशमुख

रायगड किल्ल्याच्या परिसरात नाते नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. त्यांचे वडील वकिली करीत. मुलाची बुद्धी लहानपणापासूनच कुशाग्र होती. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने पटकावली. पुढे केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक, आणि १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक! परीक्षांतील या यशाच्या हकीकती मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. परंतु चिंतामणरावांची खरी कसोटी लागली ती पुढे, आणि तीही परक्यांचा पैसा सांभाळण्याच्या कामी.

मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आकड्यांवर त्यांचा मोठा लोभ. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षे भूषविले. १९५० साली पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले.

त्या काळी आयुर्विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. मुलांनो, विमा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. वांद्र्याहून रोज आगगाडीने फोर्टातील कचेरीत जाणारा एखादा कारकून घ्या. आपण अकाली मरण पावलो तर मुलाबाळांचे काय होईल, ही चिंता त्याला ग्रासते. कोणाला मरण केव्हा येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण पुष्कळ वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर एका वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात साधारण किती दगावतील, हे सांगता येते. समजा, ती संख्या दहा आहे. प्रत्येक मृताच्या कुटुंबास हजार रुपये द्यावयाचे, तर एकंदर दहा हजार रुपये लागतील. म्हणून हजार जणांनी प्रत्येकी दहा रुपये भरले की काम झाले. प्रत्यक्षात हा हिशेब इतका सोपा नसतो. वय वाढते तसा मृत्यूचा धोका वाढतो. जमलेल्या पैशावर व्याज मिळते. कचेरीचा खर्च होतो. हे सारे जमेस धरून हप्ता ठरविणारा आणि वीस-तीस वर्षांनंतर द्यावयाच्या रकमांसाठी आज किती पुंजी शिल्लक हवी हे सांगणारा जो जाणकार, तो विमागणितज्ञ.

विमागणितज्ञाने कितीही अचूक हिशेब केला, तरी तिजोरीतील पैसाच कोणी भलत्या कामी लावला तर त्याचा काय उपयोग? दुर्दैवाने तसे घडत होते. १९५५ पर्यंतच्या दहा वर्षांत पंचवीस विमा कंपन्या बुडाल्या. आणखी पंचवीस कंपन्यांची पुंजी इतकी खालावली की, त्यांचे व्यवहार दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावे लागले आणि त्यात विमेदारांचे नुकसान झाले. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत अशा गैरव्यवहारांवर प्रकाश टाकला.

चिंतामणरावांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करण्याचे ठरविले. बातमी आधी फुटली, तर कंपन्यांतील पैसा रातोरात दुसरीकडे जाण्याचा धोका होता. म्हणून अत्यंत गुप्तता राखण्यात आली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून देशाला तो समजावून सांगितला. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या व ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारच्या ताब्यात आला. त्यांत मुंबईत १८७४ साली निघालेली ओरिएंटलसारखी जुनी, नामांकित कंपनी होती, तशीच साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही होती. चोख व्यवहार करणाऱ्या चालकांना हा निर्णय कटू वाटला असल्यास नवल नाही. नीट चाललेले घर दुसऱ्याच्या हाती देणे कोणालाही जडच जाते.

जून महिन्यात संसदेने आयुर्विमा महामंडळाचा कायदा संमत केला. सरकारने पाच कोटी रुपयांचे भांडवल दिले. मुंबईत मध्यवर्ती कचेरी, पाच विभाग आणि त्यांखाली दोनशेहून अधिक शाखा, अशी आखणी झाली.

पण याच सुमारास दुसरा एक प्रश्न पेटला होता. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत चालला होता. चिंतामणराव कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले होते. हा बेत त्यांना अन्यायाचा वाटला. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली भूमिका निर्भीडपणे मांडली. त्यामुळे १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळाचे काम सुरू झाले, तेव्हा ते ज्यांनी उभारले ते चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते.

पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फावल्या वेळी बागकाम आणि संस्कृत काव्य हे त्यांचे आवडते छंद. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.