अँटोनिया मॉरी आणि एक ‘विचित्र’ तारा

अँटोनिया मॉरी (१८६६-१९५२) यांचे आजोबा जॉन ड्रेपर आणि मामा हेन्री ड्रेपर, दोघेही वैद्यकीय पदवीधर; पण जीव रमला तो छायाचित्रणात. हेन्रींनी १८७२ साली अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले. त्यांच्या निधनानंतर मामींनी दिलेल्या देणगीतून हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांची प्रचंड नोंदणी सुरू झाली. व्हासर कॉलेजातून पदवी घेतलेली भाचीही तिथेच कामाला लागली. तिथल्या महिला गणकांना तासाला साधारण २५ सेंट मिळत.

संचालक पिकरिंग यांना वर्गवारी झटपट आणि सुटसुटीत हवी होती. मॉरी मात्र प्रत्येक रेषा जाड की बारीक, धूसर की रेखीव, हे भिंगातून पाहत बसत. खटके उडाले, त्या काम सोडून गेल्या, परत आल्या. आपल्या कामाचे श्रेय आपल्याच नावावर हवे, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. अखेर १८९७ मध्ये ६८१ ताऱ्यांची सूची त्यांच्या नावाने छापली गेली. त्यातील बारीक, रेखीव रेषांचे तारे प्रत्यक्षात अतिशय तेजस्वी असतात, हे पुढे हर्ट्‌झस्प्रुंग यांनी दाखवले. पिकरिंग यांना तरीही ते पटले नाही.

याच सूचीत श्यामशबल तारकासमूहातल्या एका ताऱ्याची नोंद आहे. त्याच्या वर्णपटात कॅल्शियमची रेषा फारच फिकी आणि सिलिकॉनच्या रेषा ठळक. मॉरी यांनी तो विचित्र म्हणून वेगळा काढला. कारण कळायला अर्धे शतक जावे लागले. बॅबकॉक यांनी १९४७ मध्ये अशाच एका ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र मोजले. अशा ताऱ्यांच्या वातावरणात फारशी घुसळण होत नाही. काही मूलद्रव्ये प्रकाशाच्या दाबाने वर येतात, काही खाली बसतात आणि चुंबकीय क्षेत्रानुसार पृष्ठभागावर त्यांचे चट्टे पडतात.

हे चट्टे कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाहीत. मॉरी यांचा तारा सुमारे साडेपाच दिवसांत एक फेरी घेतो. चट्टा एका कडेने उगवतो तेव्हा त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकलेला असतो, मावळताना तांबड्याकडे. त्यामुळे वर्णपटरेषेत एक खाच हळूहळू या टोकापासून त्या टोकाकडे जाते. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अशा नोंदी संगणक एकत्र जुळवतो. सीटी स्कॅनमध्ये शरीराचा छेद तयार होतो, तो मूळ हिशेब फारसा वेगळा नाही. डॉइच यांनी १९५०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. आता मॉरी यांच्या ताऱ्यावरील सिलिकॉन, क्रोमियम, लोह यांचे स्वतंत्र नकाशे तयार झाले आहेत.

मॉरी यांना १९४३ मध्ये अ‍ॅनी कॅनन पुरस्कार मिळाला. त्यांचा तारा पाहायला दुर्बीण लागत नाही. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या शेपटीच्या वळणाखाली तो एकटाच दिसतो.