फॉर्मवर ‘नाही’ लिहिणारा माणूस

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची ॲलन ट्युरिंगशी पहिली ओळख होते ती इंजिनिअरिंगला, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या पेपरात. ट्युरिंग मशीन म्हणजे परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. टेपची आकृती काढायची, तक्ता लिहायचा आणि पुढे सरकायचं. त्या मशीनमागचा माणूस मला भेटला तो पुष्कळ नंतर, इंग्लंडमध्ये आल्यावर, ब्लेचली पार्क बघायला गेलो तेव्हा.

त्याची होमगार्डची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंगला बंदूक चालवायला शिकायचं होतं म्हणून तो होमगार्डमध्ये गेला. भरतीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: तुम्हाला लष्करी कायदा लागू होईल हे समजतं का? बाकीचे डोळे झाकून ‘हो’ लिहीत. ट्युरिंगने विचार केला की ‘हो’ लिहून आपला काय फायदा? काहीच दिसेना, तेव्हा त्याने ‘नाही’ लिहिलं. फॉर्म कुणी वाचलाच नाही. नेम चांगला बसायला लागल्यावर याने परेडला जाणं बंद केलं. कर्नलसाहेब लष्करी कायद्यावर आले, तर याने शांतपणे आपला फॉर्म बघायला सांगितलं. कर्नलचं काही चालेना.

आता हा आगाऊपणा की भाबडेपणा? मला वाटतं दोन्ही नाही. प्रश्न छापलाय म्हणजे उत्तर हवंय, असं तो धरून चालायचा. ट्युरिंगला आज ज्याला ऑटिझम म्हणतात ते असावं, असं काही मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ साली मांडलं. गेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही हे खरं. त्यातून हा १९१२ साली जन्मलेला, आणि ऑटिझमवरचे पहिले महत्त्वाचे लेख आले १९४३-४४ मध्ये. त्याच्या शिक्षकांकडे हा शब्दच नव्हता. त्यांच्याकडे होते ते विचित्र, गबाळा, हट्टी वगैरे शब्द.

त्याचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईचा जन्मही हिंदुस्थानातलाच. आपण मुलांना घेऊन इकडे येतो आणि आई-वडील तिकडे राहतात. ट्युरिंगच्या घरी उलट होतं. आई-वडील तिकडे, आणि ॲलन व त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावी एका निवृत्त कर्नलच्या घरी. प्रश्न विचारायचे कुणाला? आई रजेवर आली की तिला. पाण्यात ऑक्सिजन हायड्रोजनला एवढा घट्ट कसा धरून राहतो, असं पोराने विचारल्यावर ती माउली काय सांगणार! तिने त्याचं एक गमतीदार चित्र काढून ठेवलंय. १९२३ साल, शाळेच्या मैदानावर मुलं हॉकी खेळतायत आणि हा एका बाजूला वाकून डेझीची फुलं वाढताना बघतोय.

पुढे शेरबोर्नच्या बोर्डिंग शाळेत लॅटिन-ग्रीकला मान, विज्ञान दुय्यम. याला नुसता शास्त्रज्ञच व्हायचं असेल तर इथे वेळ फुकट घालवतोय, असं हेडमास्तरांनी घरी कळवलं. त्या शाळेत त्याला एकच असा भेटला की ज्याला त्याचे प्रश्न आवडायचे. ख्रिस्तोफर मॉरकॉम. तो फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने गेला. त्यानंतर कितीतरी दिवस ट्युरिंग त्याच्या आईला पत्रं लिहीत होता, आणि त्यातही प्रश्नच: शरीर संपल्यावर मनाचं काय होतं?

१९३५ साली केंब्रिजमध्ये मॅक्स न्यूमन यांच्या वर्गात हिल्बर्टचा एक प्रश्न निघाला. कुठलंही गणिती विधान सिद्ध होतं की नाही हे ठरवायची एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असते का? यांत्रिक हा शब्द सगळ्यांनी ऐकून सोडून दिला. ट्युरिंग तिथेच अडला. यांत्रिक म्हणजे नेमकं काय? त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. असा माणूस कागद-पेन्सिल घेऊन काय काय करतो याचे त्याने इतके बारीक तुकडे केले की शेवटी माणसाची गरजच उरली नाही. १९३६ च्या त्या पेपरमधून हिल्बर्टच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं निघालं, आणि जाता जाता आपल्या सगळ्यांची नोकरी निघाली. न्यूमनना आधी पटेना, इतक्या साध्या कल्पनेने हा प्रश्न सुटेल असं. पण त्यांनी पेपर नीट वाचला, आणि मग त्याच्यासाठी धडपडही केली.

क्लायंटच्या मीटिंगमध्ये एखादा जण ‘म्हणजे नक्की काय?’ असं तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा टेबलाभोवती लोक घड्याळ बघायला लागतात. मीही बघितलंय.

१९३९ मध्ये ट्युरिंग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसायचा. गणितात विसंगती सापडली तर बिघडलं काय, असं गुरुजींचं म्हणणं. त्या गणितावर बांधलेला पूल पडेल, हे ट्युरिंगचं. आठवडेच्या आठवडे हा वाद चालला. एकदा पुढच्या तासाला ट्युरिंग नसणार हे कळल्यावर गुरुजींनी वर्गात सांगून टाकलं की मग तो तास तसा किरकोळच होणार. शिष्याच्या प्रश्नांना इतकी किंमत देणारे गुरुजी विरळा.

ब्लेचलीत जर्मन नौदलाचा एनिग्मा फुटणार नाही असं बहुतेकांनी धरलं होतं, म्हणूनच ट्युरिंगने तो घेतला. हात कमी पडायला लागले तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याने आणि तीन सहकाऱ्यांनी वरिष्ठांना वगळून थेट चर्चिलना पत्र लिहिलं. चर्चिल रागावले नाहीत, माणसं द्यायला लावली. तिथे हा माणूस गवतज्वराच्या दिवसांत गॅस मास्क लावून सायकल चालवायचा आणि आपला चहाचा मग रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा. लोक हसायचे, पण काम अडू देत नसत. ऑफिसची कटकट ह्यू अलेक्झांडरने आपल्या अंगावर घेतली होती.

बाहेरच्या जगात असा अलेक्झांडर नव्हता. १९५२ मध्ये घरी चोरी झाली म्हणून ट्युरिंगने स्वतःच पोलिसांना कळवलं. चौकशीत आधी त्याने एक गोष्ट लपवली, पण पुन्हा विचारल्यावर एका तरुणाशी असलेले संबंध सरळ सांगितले, वर पाच पानी जबाब लिहून दिला. यात आपलं काही चुकलंय असं त्याला वाटतच नव्हतं. समलैंगिक संबंध तेव्हा गुन्हा होता. तुरुंग नको असेल तर वर्षभर स्त्री-हार्मोन घ्यायचे, अशी अट पडली. सरकारी गुप्त कामाची दारं बंद झाली. ७ जून १९५४ ला तो सायनाइडने गेला. पंचनाम्यात आत्महत्या ठरली. आईने मात्र तो अपघातच होता असं शेवटपर्यंत मानलं. सरकारने माफी मागितली २००९ मध्ये, राणीने त्याला माफ केलं २०१३ मध्ये. माफी कुणी कुणाला करायची, हे त्याने नक्की विचारलं असतं.

शेवटच्या वर्षांत तो मँचेस्टरच्या कॉम्प्युटरवर भलतंच काम करत होता. झाडांची पानं, सूर्यफुलातल्या बिया आणि पाइनच्या फळावरचे खवले ठरावीक आकड्यांतच का मांडलेले असतात? हे काम अर्धंच राहिलं. मागे राहिलेल्या कागदांमधल्या एका टिपणाचा विषय आहे, डेझीचं फूल कसं वाढतं.